आधी पाठ बघा: दुसऱ्या महायुद्धातले फौजी बिल्ले कसे ओळखायचे, कसे जमवायचे

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सकाळी गंजक्या पान्यांच्या ढिगाशेजारी मला काळं मांजर दिसलं. पिवळ्या कापडावर, शेपूट उभारलेलं. १७ व्या इंडियन डिव्हिजनचा (अनेक पलटणी मिळून झालेल्या दळाचा) बिल्ला! बर्मातली माघार, मग इंफाळची लढाई, मग बर्मातल्या मेक्तिलाची, हे सगळं वाचलेलं होतं, त्यामुळे हात थरथरलाच. विक्रेत्याने तो थरथरणारा हात बघितला आणि किंमत दुप्पट सांगितली. मी दिली.

घरी आल्यावर एका जाणत्या मित्राने बिल्ला उलटा केला. पाठीवर चौकोनी शिवणीची रेघ होती आणि तिच्या आत वेल्क्रो उसवल्याच्या खुणा. मग त्याने जांभळ्या उजेडाचा टॉर्च मारला. कडेचा दोरा नवीन शर्टासारखा निळसर पांढरा चमकला. "चिन्ह बरोबर ओळखलंस," तो म्हणाला, "पण चाळीस-पन्नास वर्षं चुकलास."

या छंदाची मेख इथेच आहे. चिन्ह कुणाचं ते पाच मिनिटांत कळतं. कापड कधीचं ते कळायला डोळा तयार व्हावा लागतो. भारतात हे जास्तच अवघड, कारण युद्धातली बरीच चिन्हं आपल्या लष्कराने स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवली. लाल गरुड, आगीचा गोळा, काळं मांजर, खंजीर, इस्पिकचा एक्का ही सगळी आजही जवानांच्या दंडावर आहेत. बाजारात 'वर्ल्ड वॉरचा आहे साहेब' म्हणून मिळणारा बिल्ला बहुतेक वेळा अलीकडे निवृत्त झालेल्या एखाद्या हवालदारसाहेबांचा असतो. यात विक्रेता खोटं बोलतोच असं नाही. त्यालाही तेवढंच माहीत असतं.

पहिली पायरी: कुंपण घाला

'मिलिटरीचं सगळं' जमवायला निघालात तर वर्षभरात एक खोकं भरेल आणि त्यातलं काहीच धड ओळखता येणार नाही. एक छोटा विषय धरा. मराठी माणसाला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात रंगतदार वाट म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी ज्या ज्या डिव्हिजनमध्ये लढल्या, त्या डिव्हिजनचे बिल्ले. दहा-बारा चिन्हांत विषय आवरतो आणि प्रत्येकामागे आपल्या गावांतली माणसं असतात.

दंडावरचा कापडी बिल्ला पलटणीचा नसून ती पलटण ज्या डिव्हिजनमध्ये किंवा तिच्याही वरच्या कोअरमध्ये असेल तिचा असतो, एवढं पक्कं लक्षात ठेवा. पलटणीचं नाव खांद्यावरच्या पट्टीवर आणि टोपीच्या बिल्ल्यावर. नवशिक्यांचा निम्मा घोळ इथे होतो. या चिन्हांवर आकडा किंवा नावही सहसा नसे, आणि तेही मुद्दाम. शत्रूला सहज वाचता येऊ नये म्हणून चित्र, आणि आपल्या जवानाला वाचता येत नसलं तरी ओळखता यावं म्हणूनही चित्रच. हीच चिन्हं गाड्यांच्या मडगार्डवरही रंगवलेली असत.

दुसरी पायरी: चिन्हांची तोंडओळख

चौथी डिव्हिजन म्हणजे काळ्यावर लाल गरुड. पाचवी म्हणजे काळ्यावर नुसता लाल गोल, 'बॉल ऑफ फायर'. (त्या गोलाला गोऱ्या सोल्जरांनी ठेवलेलं दुसरं नाव इथे लिहिण्याजोगं नाही.) सातवीचा सोनेरी बाण. आठवीची लालवर पिवळी क्लोव्हर (तिपानी गवतासारखी वनस्पती). १७ वीचं काळं मांजर, पण ते १९४३ पासूनचं. त्याआधी त्यांचं चिन्ह वीज होती, आणि बर्मातून मागे येताना तीच होती. १९ वीचा खंजीर खुपसणारा हात, लालवर पिवळा. २३ वीचा पिवळ्या गोलावर लाल झुंजणारा कोंबडा. २५ वीचा हिरव्यावर काळा इस्पिकचा एक्का. २६ वीचा त्रिकोणातून बाहेर पडणारा वाघ.

यांतल्या बर्मात लढलेल्या डिव्हिजनांच्या वर चौदावी आर्मी, तिचे सेनापती जनरल स्लिम. लाल-काळ्या ढालीवर टोक खाली असलेली तलवार. चिन्हशास्त्राच्या नियमाने टोक वर हवं. पण स्लिमना बर्मा उत्तरेकडून, म्हणजे नकाशावर वरून खाली, परत घ्यायचा होता, म्हणून टोक खाली. नकलांमध्ये ही तलवार कधीकधी सुलटी, टोक वर केलेली दिसते. अशी दिसली तर पुढे तपासायचीही गरज नाही.

आता आपल्या पलटणी. 'जंगी पलटण', म्हणजे मराठ्यांची पहिली बटालियन, इटलीत आठव्या डिव्हिजनमध्ये होती. ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते अहमदनगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव याच पलटणीचे, म्हणजे दंडावर क्लोव्हर. तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर पाचव्या डिव्हिजनबरोबर लढली आणि पुढे इटलीत दहाव्या डिव्हिजनमध्ये गेली. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे तिचेच, रायगडचे. एकाच पलटणीला युद्धात दोन चिन्हं मिळाली, ती अशी. दुसरी बटालियन, 'काली पाचवी', लाल गरुडाच्या डिव्हिजनमधली. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा ती तिथे शत्रूच्या हाती सापडली.

चौथी बटालियन मला नेहमी उदाहरणाला उपयोगी पडते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ती ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली लढली. लढाईबद्दल वाचणारा लगेच म्हणतो, मग यांचा बिल्ला पॅराशूटवाल्यांचा. तसं नाही. ही पलटण मूळ २३ व्या डिव्हिजनची, कोंबडेवाली. लढाईपुरती दुसरीकडे जोडली म्हणून दंडावरचं चिन्ह बदलत नाही. कुठे लढला यावरून बिल्ला ठरवू नका, कुणाच्या यादीवर होता ते बघा.

तिसरी पायरी: बिल्ला उलटा करा

इथे घाई नको. घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बसा.

युद्धकाळातले बिल्ले साधारण चार जातींचे. पहिली जात छापील: सुती कापडावर सरळ रंगात छापा, युद्धातल्या काटकसरीचं अपत्य. दिसायला सगळ्यात गरीब, म्हणून नवशिके यांना हात लावत नाहीत, आणि मी म्हणतो सुरुवात यांच्यापासूनच करा. पाठीवर रंग थोडा पाझरलेला असतो आणि कापडाची उभी-आडवी वीण स्पष्ट दिसते. आजकालची प्रिंटरवरची नक्कल भिंगाखाली धरली की रंग सलग न दिसता बारीक ठिपके ठिपके दिसतात. दुसरी जात यंत्रावर भरतकाम केलेली. तिसरी फेल्ट किंवा बनातीचे तुकडे कापून एकावर एक शिवलेली. चौथी हातकाम, कैरोच्या बाजारात, इटलीत किंवा आपल्याकडच्या छावणीबाहेरच्या शिंप्याने केलेलं. या चौथ्या जातीत दोन बिल्ले कधीच हुबेहूब सारखे नसतात. कोंबडा एका ठिकाणी रुबाबदार, तर दुसऱ्या ठिकाणी खुराड्यातून नुकताच पळालेला.

पाठीवर काय शोधायचं? बिल्ला खरोखर शर्टावर शिवलेला असेल तर कडेने सुईची भोकं असतात आणि एखाद्या भोकात खाकी दोऱ्याचा तुसा अडकलेला असतो. कडा आत दुमडून शिवलेली असेल तर दुमड हलकेच उघडून बघा. आतला रंग पुढच्यापेक्षा ताजा असतो, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. पुढून फिका, पाठून गडद, दुमडीत सगळ्यात गडद: अशी उतरण मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त पटते. उलट चहाच्या किंवा कॉफीच्या पाण्यात बुडवून 'जुना' केलेला माल पुढून, पाठून आणि दुमडीत एकसारखा तपकिरी असतो. वास घ्या. संकोच करू नका, सगळे घेतात.

कडही बघा. गोल फिरवून जाड दोऱ्याने ओव्हरलॉक केलेली, दोरीसारखी फुगीर कड साधारण १९६० च्या दशकापासून सर्रास झाली. युद्धकाळातल्या बिल्ल्याची कड बहुधा कापलेली किंवा दुमडलेली असते. वेल्क्रोबद्दल मी आता काही बोलत नाही.

आणखी एक गंमत. बिल्ले दोन्ही दंडांवर लावत आणि प्राण्याचं तोंड शक्यतो समोर, चालण्याच्या दिशेने ठेवत. त्यामुळे डावा आणि उजवा हे आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतात. तेव्हा उलट्या दिशेला बघणारा प्राणी दिसला की लगेच नकली ठरवू नका. तो जोडीतला दुसरा असू शकतो. जोडी मिळाली तर ती कधीही फोडू नका.

चौथी पायरी: जांभळा टॉर्च

३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घ्या. स्वस्तातले ३९५ वाले स्वतःच इतका जांभळा उजेड टाकतात की त्यात चमक कुठली आणि उजेड कुठला ते कळत नाही. अंधाऱ्या खोलीत आधी तुमचा स्वतःचा पांढरा बनियन बघा, म्हणजे 'चमकणं' म्हणजे काय ते समजेल. कापडाला आणि साबणाला पांढरेपणा आणणारी जी रसायनं आहेत ती युद्धानंतर सर्वत्र पसरली. दोरा तसा चमकला तर संशय घ्या.

संशयच, निकाल नव्हे. खरा बिल्ला कुणी १९८० मध्ये आजच्यासारख्या पावडरीत धुतला असेल तर तोही चमकतो. अशा वेळी सगळं कापड सारखं, पसरट उजळतं. दोराच नवा असेल तर फक्त दोरा उठून दिसतो. आणि चमकला नाही म्हणजे अस्सल, असंही नाही. नक्कल करणारेही आता न चमकणारा दोरा वापरतात.

पाठीवर सुटलेला दोऱ्याचा तुसा असेल तर चिमट्यात धरून जाळून बघता येतो. सुती दोरा कागदासारखा वास देतो आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. बिल्ला दुसऱ्याचा असेल तर आधी विचारा. एकदा एका दुकानात मी न विचारता काडी पेटवली होती. तिथे मी आता जात नाही.

खिशावरचे बिल्ले

खिशावर किंवा छातीवर लावायच्या बिल्ल्यांचं जग निराळं. आपल्या भागात हे मुख्यतः अमेरिकन वैमानिकांकडून आलं. चीन-बर्मा-इंडिया आघाडीवरचे हे लोक चामड्याच्या जॅकेटवर डाव्या छातीशी स्क्वाड्रनचं चित्र लावत, आणि ते इथल्या कारागिरांकडून रंगीत चामड्याचे तुकडे जोडून किंवा जरीत भरून घेत. त्या आघाडीचा दंडावरचा बिल्लाही असाच इथे बनला: खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्या पट्टीत एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताचा तारा. अमेरिकेत यंत्रावर झालेले नग एकसारखे, आणि इथल्या शिंप्यांनी केलेल्यांत मात्र ताऱ्याचे पाच हात पाच लांबीचे. संग्राहक त्या वेड्यावाकड्यालाच जास्त भाव देतात.

अमेरिकन फौजेचा आपल्याकडे खरा माग आहे. 'मेरिल्स मरॉडर्स' या नावाने ओळखली गेलेली अमेरिकन पायदळाची ५३०७ वी तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदरात उतरली आणि आधी देवळालीच्या छावणीत गेली. मुंबईचा चोरबाजार किंवा नाशिककडचे जुने भंगारवाले यांच्याकडे एखादी अमेरिकन वस्तू निघाली तर त्यात अशक्य काही नाही. पण मरॉडर्स होते साधारण ३,००० आणि त्यांच्या बिल्ल्यांचा आजचा पुरवठा मात्र आटत नाही, हे गणित स्वतः मांडून बघा. बर्मात शत्रूच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या जनरल विंगेट यांच्या चिंडिटांचा निळ्यावर सोनेरी चिंथे (बर्मी देवळांपुढचा सिंहासारखा राखणदार प्राणी) आणि पॅगोडा असलेला बिल्ला, आणि जर्मनीतल्या आझाद हिंद सेनेची झेप घेणाऱ्या वाघाची तिरंगी ढाल, यांचीही तीच गत. भावना मोठी, अस्सल नग थोडे, नकला पोत्याने. पहिली दोन वर्षं या तिघांच्या वाटेला जाऊ नका.

जरीकामाबद्दल एक सावधगिरी. पाकिस्तानातलं सियालकोट आणि आपल्याकडची जरदोजीची गावं आजही जगभरच्या फौजांना हाताने भरलेले बिल्ले पुरवतात. हात तोच आहे, परंपरा तीच आहे, त्यामुळे नुसत्या कामावरून काळ सांगणं कठीण. जुन्या जरीची तार काळवंडून राखाडी होते आणि तारेच्या वळणांत धूळ घट्ट बसते. अस्तराला तेव्हाचा कागद किंवा मलमल असते. जरीला चमकवायला कुठलीही पावडर लावू नका. काळपटपणा हाच जरीचा जन्मदाखला.

धातूचे बिल्ले आणि खांद्याच्या पट्ट्या: तारखा इथे सोप्या

टोपीच्या बिल्ल्यावर राजमुकुट असेल तर प्रजासत्ताकाच्या आधीचा, अशोकाचे सिंह असतील तर १९५० नंतरचा. 'मराठा'चं इंग्रजी स्पेलिंग बघा: जुन्यात 'एच' हे 'आर'च्या आधी आणि 'टी' दोन, नव्यात 'टी' एकच आणि 'एच' शेवटाकडे. रेजिमेंटच्या नावाआधीचा पाचचा आकडा १९२२ ते १९४५ पर्यंतचा. हवाई दलाच्या नावात 'रॉयल' हा शब्द मार्च १९४५ मध्ये आला आणि १९५० मध्ये गेला, म्हणजे ती अक्षरं असलेली पट्टी या पाच वर्षांतलीच. कापडाच्या मानाने हे किती सुटसुटीत!

घरातल्या ट्रंका

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, नगर: या जिल्ह्यांत कित्येक घरांत पत्र्याची काळी ट्रंक असते, तिच्यात आजोबांचं डिस्चार्ज बुक, दोन मेडलं आणि एखादा शर्ट. तिथून मिळालेला बिल्ला बाजारातल्या दहांच्या बरोबरीचा, कारण त्याच्याबरोबर नाव, नंबर आणि पलटण असते. म्हणूनच तो तिथून वेगळा काढू नका. अशा घरात गेलात तर आधी चहा घ्या, आजींना बोलू द्या, कागदांचे फोटो परवानगीने काढा. विकायचाच असेल तर सगळं एकत्र घ्या आणि कागद त्यांच्याकडे हवे असतील तर नकला करून मूळ परत द्या. एका काकूंनी मला बिल्ला दिला नाही, पण तो कसा सांभाळायचा ते विचारलं. ती भेट मला जास्त आवडली.

विकत घेताना

नेटवर घेत असाल तर पाठीचा फोटो, पट्टी शेजारी ठेवून मोजमाप आणि कडेचा जवळून फोटो मागा. 'पाठ कशाला बघता, पुढून छान आहे ना' असं उत्तर आलं की राम राम म्हणा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातले असंख्य बिल्ले नेटवर पाहता येतात. हातात नग आला की आधी तिथल्या नगाशी ताडून बघा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. पलटणींचा इतिहास नीट जाणून घ्यायचा तर त्या दिशेने चौकशी करा.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं उलटलेली वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं कापड अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे, पहिल्यातलं पलीकडे गेलं. अमेरिकेतल्या भाच्याला बनातीचा १९१६ चा तुकडा पोस्टाने पाठवण्याआधी हे आठवा. आणि बिल्ले अंगावर चढवून मिरवू नका. फौजी असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे.

सांभाळ

धुवायचं नाही. इस्त्री करायची नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही, आणि फ्रेमवाल्याला फेव्हिकॉल लावू देऊ नका. लोकरी कापडाला कसर लागते, आणि ती पावसाळ्यानंतर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. नवीन आलेला नग हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं. मग आम्लविरहित कागदात, उन्हापासून लांब, सिलिका जेलच्या पुडीसह. घरच्यांना फ्रीझरबद्दल आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

वही

प्रत्येक नगाची नोंद त्याच दिवशी करा. नंतर आठवत नाही. माझ्या वहीतली पहिली नोंद जशी आहे तशी देतो:

"क्र. १. १७ वी डिव्हिजन, काळं मांजर, पिवळ्यावर. यंत्रभरत, कड ओव्हरलॉक, पाठीवर वेल्क्रोची शिवण. यूव्हीत कडेचा दोरा चमकतो. जुना बाजार, रविवार. विक्रेता म्हणाला, 'बर्माचा'. युद्धातला नाही. विकायचा नाही, नव्या माणसाला हातात द्यायला ठेवायचा."